गाणे कोणाच्या नावे?

चंदीगड शहरातील वस्त्यांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. पेठा, आळ्या आणि वाड्यांच्या नावांवर वाढलेल्या मराठी माणसाला सुरुवातीचे काही दिवस हे मोठे चमत्कारिक वाटते. बावीसमध्ये बाजार करावा, अठरामधील टागोर थिएटरात नाटक पाहावे आणि सतरामध्ये नोकरीला जावे! फाळणीत लाहोर गेले, पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही, म्हणून शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी हे नवे शहर वसविण्यात आले. ल कार्बुझिए या विख्यात वास्तुविशारदाने त्याचा आराखडा आखला आणि ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सेक्टर सतरा हे या शहराचे हृदय. उघड्या काँक्रीटच्या इमारती, वाहनांना मज्जाव असलेला प्रशस्त चौक, कारंजे आणि बँकांच्या कार्यालयांनी वेढलेला 'बँक स्क्वेअर'. बदलीच्या नोकरीत दोन-अडीच वर्षे माझे तेथे वास्तव्य झाले.

२००६ सालच्या हिवाळ्यातील गोष्ट. एका संध्याकाळी बाजारातील एका दुकानातून मी एक एमपीथ्री तबकडी विकत घेतली. त्या काळी अशा तबकड्यांची चलती होती. एकाच तबकडीत शंभरावर गाणी मावत, आणि किंमत एका साध्या कॅसेटहून अधिक नसे. वेष्टनावर गिटार घेतलेल्या तरुणाचे चित्र होते आणि त्याखाली ठळक अक्षरांत लिहिले होते : 'पंजाबी फोक रॉक – ग्रेटेस्ट हिट्स'. मागील बाजूस गाण्यांच्या सुरुवातीचे शब्द ओळीने छापलेले होते. गीतकार, संगीतकार, गायक यांपैकी एकाचेही नाव नव्हते.

रात्री ती तबकडी लावली. पंजाबी मला जेमतेम समजत असे; पण त्यातील एक गाणे काही केल्या मनातून जाईना. हरवलेल्या एका मुलीचा शोध चालला आहे, तिचे वर्णन केले जात आहे, तिच्या नावाने जणू जाहिरात दिली जात आहे, एवढे कळत होते. मागे गिटार होती. परंतु चाल जुन्या, ओळखीच्या मातीतली वाटत होती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी आमच्या शाखेतील ज्येष्ठ रोखपालांना त्याविषयी विचारले. निवृत्तीला आलेले, मितभाषी गृहस्थ. "हे जुने लोकगीत आहे का?" या माझ्या प्रश्नावर त्यांनी हातातील घास तसाच ठेवला.

"लोकगीत? साहेब, हे लिहिणारा माणूस याच शहरात बँकेत नोकरी करीत होता. तुमच्या-आमच्यासारखाच."

मी त्यांना तबकडीचे वेष्टन दाखविले. ते त्यांनी उलटसुलट करून पाहिले आणि परत माझ्या हाती देत म्हणाले, "खाते आहे, खात्यात शिल्लकही भरपूर आहे. खातेदाराचे नाव तेवढे नाही."

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाची ती प्रतिक्रिया होती. ती माझ्या मनात घर करून राहिली. गाजलेल्या गाण्यांचा संग्रह म्हणजे नेमके काय, त्यात कोणाची पुंजी असते आणि ती कोणाच्या नावे लागते, या प्रश्नांचा मागोवा मी तेव्हापासून जमेल तसा घेत आलो आहे. त्यातील काही गोष्टी वाचकांपुढे ठेवाव्यात, एवढाच या लेखाचा उद्देश.

'निवडक'ची कुळकथा

निवडक गाण्यांच्या संग्रहाला 'ग्रेटेस्ट हिट्स' हे नाव रूढ झाले ते अमेरिकेत. १९५८ साली कोलंबिया या कंपनीने जॉनी मॅथिस या गायकाच्या गाजलेल्या गाण्यांची एक ध्वनिमुद्रिका काढली. गायक दौऱ्यावर होता, नवे ध्वनिमुद्रण हाताशी नव्हते. तेव्हा आधी सुटी प्रसिद्ध झालेली गाणी एकत्र करून बाजारात आणावीत, असा साधा व्यापारी विचार त्यामागे होता. ही ध्वनिमुद्रिका 'बिलबोर्ड' या नियतकालिकाच्या यादीत ४९० आठवडे, म्हणजे नऊ वर्षांहून अधिक काळ टिकून राहिली! नवे भांडवल न घालता जुन्या ठेवीवर एवढे व्याज मिळते, हे पाहून साऱ्याच कंपन्यांनी हा मार्ग धरला.

पुढे १९६५ च्या सुमारास एक नवा संगीतप्रकार उदयास आला. लोकगीतांची साधी चाल, कवितेच्या तोलाचे शब्द आणि त्यांना विजेच्या गिटारची व ड्रमची साथ. 'बिलबोर्ड'ने जून १९६५ मध्ये त्याला 'फोक रॉक' असे संबोधले. या प्रकारातील अग्रणी वाद्यवृंद म्हणजे अमेरिकेतील 'द बर्ड्‌स'. त्यांच्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह १९६७ साली निघाला. त्यात ११ गाणी आहेत, आणि ती कोणाची आहेत हे पाहू गेल्यास मोठी मौज वाटते. चार गाणी बॉब डिलनची. एका गाण्याचे शब्द बायबलमधील 'उपदेशक' या प्राचीन ग्रंथातले. त्यांना चाल दिली पीट सीगर या लोकगायकाने. आणखी एक गाणे म्हणजे इड्रिस डेव्हिस या वेल्श कवीची कविता. ऐन उमेदीत कोळशाच्या खाणीत राबलेला आणि पुढे शिक्षक झालेला हा कवी १९५३ मध्येच निवर्तला होता. त्याच्या कवितेलाही चाल लावली ती सीगरनेच. अर्थात ज्या संग्रहावर एका वाद्यवृंदाचे नाव मोठ्या अक्षरांत आहे, त्यातील निम्म्याहून अधिक गाण्यांची मूळ ठेव इतरांची आहे.

यात गैर काहीच नाही. फोक रॉकचा तो स्वभावच आहे. जुन्या गाण्याला नवा आवाज मिळतो, नवा श्रोता मिळतो आणि त्याचे आयुष्य वाढते. प्रश्न उद्भवतो तो मूळ ठेवीदाराची नोंद पुसली गेली म्हणजे.

दोन गाणी, दोन तक्रारी

फोक रॉकमधील बहुधा सर्वाधिक खपलेला निवडक संग्रह म्हणजे पॉल सायमन आणि आर्ट गारफंकेल या जोडीचा, १४ जून १९७२ रोजी प्रसिद्ध झालेला 'ग्रेटेस्ट हिट्स'. ही जोडी १९७० मध्येच विभक्त झाली होती. तरी या संग्रहाला एकट्या अमेरिकेत १ कोटी ४० लाखांच्या विक्रीचे प्रमाणपत्र मिळाले आहे. त्यातील १४ गाण्यांपैकी दोन गाण्यांची कहाणी आपल्या विषयाच्या दृष्टीने बोधप्रद आहे.

पहिले गाणे 'स्कारबरो फेअर'. हे मूळचे इंग्लंडमधील कित्येक पिढ्यांचे लोकगीत. १९६५ मध्ये सायमन लंडनमध्ये असताना त्याने ते मार्टिन कार्थी या तरुण लोकगायकाकडून ऐकले आणि शिकून घेतले. कार्थीने त्या गाण्याला गिटारची एक खास वळणाची साथ बसविली होती. पुढे सायमन आणि गारफंकेलने ते गाणे जगभर नेले. पण ध्वनिमुद्रिकेवर कार्थीचे नाव आले नाही, आणि ते गाणे परंपरेतील असल्याचा उल्लेखही नव्हता. श्रेय फक्त त्या दोघांचे. कार्थीच्या मनात हे शल्य कित्येक वर्षे राहिले. अखेर २००० साली लंडनमधील आपल्या कार्यक्रमात सायमनने त्याला रंगमंचावर बोलावले आणि दोघांनी ते गाणे मिळून म्हटले. पस्तीस वर्षांची थकबाकी त्या रात्री चुकती झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरे गाणे 'एल कोंडोर पासा'. 'लॉस इंकास' या वाद्यवृंदाकडून सायमनने ही धून ऐकली. ती पेरू देशातील जुनी लोकधून आहे, असाच समज होता. त्या समजुतीने त्याने तिच्यावर इंग्रजी शब्द रचले आणि १९७० मध्ये ते गाणे प्रसिद्ध झाले. प्रत्यक्षात ती धून डॅनिएल अलोमिया रोब्लेस या पेरूच्या संगीतकाराने १९१३ मध्ये एका संगीत नाटकासाठी बांधलेली होती, आणि तिची स्वामित्वनोंदही अमेरिकेत झालेली होती. रोब्लेसचा मुलगा चित्रपट दिग्दर्शक होता. त्याने दावा दाखल केला. सायमनने चूक मान्य केली, कटुता न येता प्रकरण मिटले, आणि आता त्या गाण्यापुढे रोब्लेसचे नाव लागते.

दोन्ही प्रसंगांत कोणी जाणूनबुजून चोरी केली, असे म्हणता येत नाही. 'हे परंपरेतले आहे' या समजुतीने काम भागविले गेले, इतकेच. बँकेच्या हिशेबात एखादी रक्कम येते, पण तिचा धनी कोण हे ठरत नाही, तेव्हा ती उचंत खात्यात, म्हणजेच आपल्या बोलण्यातील 'सस्पेन्स अकाउंट'मध्ये ठेवतात. 'पारंपरिक' हे गाण्यांचे उचंत खाते आहे. त्यात कित्येक रकमा खरोखरच निनावी असतात. परंतु काहींचे धनी शोधले तर सापडतात. माझ्या तबकडीवरील त्या गाण्याचा धनी तर चाळीस वर्षांपूर्वी त्याच शहरात हिंडत-फिरत होता.

बँकेतील कवी

शिवकुमार बटालवी यांचा जन्म २३ जुलै १९३६ रोजी, आज पाकिस्तानात असलेल्या शकरगढ तालुक्यातील बडा पिंड लोहटियां या गावी झाला. वडील महसूल खात्यात. फाळणीच्या वेळी शिवकुमार अकरा वर्षांचे होते. कुटुंब गुरदासपूर जिल्ह्यातील बटाला या गावी येऊन स्थिरावले, आणि या गावाचे नाव पुढे त्यांच्या नावाचा भाग झाले. शिक्षणात मन रमले नाही, नोकरीत रमले नाही. रमले ते केवळ कवितेत. पहिला कवितासंग्रह १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. १९६५ मध्ये 'लूणा' हे काव्यनाट्य आले, आणि त्यासाठी १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा हा सन्मान मिळविणारे ते सर्वांत तरुण साहित्यिक ठरले.

'लूणा'ची कथा येथे सांगितली पाहिजे. पंजाबात पूरण भगताची लोककथा शतकानुशतके गायिली जाते. त्या कथेत लूणा ही पूरणाची तरुण सावत्र आई. त्याच्यावर खोटा आळ घेणारी, दुष्ट. शिवकुमारांनी ही कथा तिच्या बाजूने सांगितली. वडिलांच्या वयाच्या राजाशी जिचे लग्न लावले गेले, तिच्या मनाचे काय, हा प्रश्न त्यांनी विचारला. म्हणजे शिवकुमार स्वतःही परंपरेचे ऋणको होते. त्यांनी लोककथेकडून कर्ज काढले आणि त्यात स्वतःची भर घालून ते फेडले. विरह हा त्यांच्या कवितेचा स्थायीभाव, आणि 'विरहाचा सुलतान' हे बिरुद त्यांना कायमचे चिकटले.

पोटासाठी मात्र नोकरी होती. बटाल्यात त्यांनी स्टेट बँक ऑफ इंडियामध्ये काम केले, आणि १९६८ मध्ये ते चंदीगडला आले तेही त्याच बँकेच्या नोकरीत. आपल्यापैकी ज्यांनी खतावण्यांच्या काळातील बँका पाहिल्या आहेत, त्यांना ते दृश्य डोळ्यांपुढे आणणे अवघड नाही. दिवसा टेबलावर व्हाउचरे, आणि मनात मात्र कवितेच्या ओळी. संध्याकाळी मित्रांच्या बैठकीत शिवकुमार स्वतःच आपल्या कविता गात. त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित स्वरूपात आजही उपलब्ध आहे. तो ऐकताना पाठ्यपुस्तकातील कवी आणि गावातील गवई यांच्यामधील भिंत नाहीशी होते. १९७२ मध्ये ते इंग्लंडला जाऊन आले, प्रकृती ढासळत गेली, आणि मे १९७३ मध्ये पठाणकोटजवळच्या एका खेड्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे छत्तीस.

गाणी मात्र थांबली नाहीत. सुरिंदर कौर, आसासिंग मस्ताना, जगजीत सिंग व चित्रा सिंग, आणि सीमेपलीकडे नुसरत फतेह अली खान, अशा अनेकांनी ती गायिली. पंजाबातील लग्नघरांत, शेतांत, ट्रकच्या टपांखाली ती वाजत राहिली. एखादे गाणे इतके सर्वांचे झाले, की ते एका कोणाचे होते हे लोक विसरू लागतात. कवीच्या यशाची ही परमावधी समजावी, की त्याच्यावरचा अन्याय? माझ्या मते दोन्ही.

गिटारवर आलेली ठेव

या गाण्यांना फोक रॉकमध्ये आणले रब्बी शेरगिल यांनी. दिल्लीत वाढलेला हा गायक-गिटारवादक. त्यांचा 'रब्बी' हा पहिला अल्बम २००४ मध्ये आला आणि पुढील वर्षभर देशभर गाजला. त्यात अवघी ९ गाणी आहेत. त्यांपैकी 'बुल्ला की जाणां' ही अठराव्या शतकातील सूफी कवी बुल्ले शाह यांची रचना. 'हीर' ही वारिस शाह यांच्या १७६६ मधील प्रसिद्ध प्रेमकाव्यातली. आणि 'इश्तिहार' ही शिवकुमार बटालवी यांची कविता. मला तबकडीवर भेटलेले गाणे हेच.

पंजाबी लोकसंगीतात तुंबी नावाचे एक छोटेसे एकतारी वाद्य आहे. लालचंद यमला जट्ट या गायकाने ते घरोघरी पोहोचविले. आपल्या शाहिराच्या मागे वाजणाऱ्या तुणतुण्याचा तो जवळचा नातलग म्हणावा. एकच तार, एकच ठेका, आणि त्यावर संपूर्ण आख्यान उभे राहते. रब्बी यांनी तुंबीच्या जागी गिटार आणली, पण शब्दांना दुय्यम केले नाही. कॉलेजात जाणारी, पंजाबीचा गंधही नसलेली मुले त्या वर्षी मुंबई-पुण्यात बुल्ले शाहांचे शब्द गुणगुणत होती. अडीचशे वर्षांपूर्वीची ठेव नव्या पिढीच्या हाती पडली.

पण कशाच्या नावे? अल्बम विकत घेणाऱ्याला कवीचा शोध घेता येतो. अल्बममधून उचलून दुसऱ्याच संग्रहात टाकलेल्या गाण्याबाबत ही सोय उरत नाही. संग्रह जितका अधिक निवडक, तितका गाण्याचा मूळ संदर्भ अधिक गळतो. आणि त्या संग्रहावरून कोणी तिसराच संग्रह केला, की मुखपृष्ठावरील गिटारवाला तेवढा उरतो. 'इश्तिहार' या शब्दाचा अर्थच जाहिरात. हरवलेल्या व्यक्तीच्या शोधासाठी द्यावी तशी. हरवलेलीचा पुकारा करणाऱ्या कवितेच्या कवीचेच नाव हरवावे, हा योग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे.

नाममुद्रेचे शहाणपण

येथे एक मराठी आठवण अपरिहार्य आहे. शिवकुमारांच्या बटाल्यापासून फार दूर नसलेले घुमान हे गाव संत नामदेवांच्या पंजाबातील वास्तव्यामुळे प्रसिद्ध आहे. नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबमध्ये समाविष्ट आहेत. एप्रिल २०१५ मध्ये याच घुमानला ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली भरले, तेव्हा हजारो मराठी माणसांनी ते गाव प्रथमच पाहिले.

चौदाव्या शतकातील एका मराठी शिंप्याची पदे, परक्या प्रांतात, परक्या लिपीत, पिढ्यान्‌पिढ्या गायिली गेली आणि तरी ती नामदेवांचीच राहिली, हे कसे घडले? याचे एक उत्तर नाममुद्रेत आहे. आपल्या संतांनी अभंगाच्या शेवटी स्वतःचे नाव गुंफले. नामा म्हणतो, तुका म्हणतो, जनी म्हणते. वहीत नाव लिहिले तर वही भिजेल, फाटेल, बुडेलसुद्धा. गाण्यातच नाव ओवले, तर गाणारा प्रत्येक जण ते उच्चारल्यावाचून पुढे जाऊ शकत नाही. सूफी कवींनीही हेच केले. बुल्ले शाहांच्या त्या गाण्यात त्यांचे नाव इतक्या वेळा येते, की तबकडीवर छापले नाही तरी श्रोता ते विसरत नाही. आज मुंबईतील 'अभंग रिपोस्ट'सारखा वाद्यवृंद बास गिटार आणि ड्रमच्या साथीने अभंग गातो, तेव्हाही संतांची सही त्या गाण्यात शाबूत असते.

आधुनिक कवीने ही सही गाण्यातून काढून पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नेली. छापखान्याच्या काळात ते योग्यच होते. पण गाणे पुस्तकातून सुटले की सही मागे राहते. आपल्याकडेही ही भीती किती खरी आहे, ते बहिणाबाई चौधरींच्या उदाहरणावरून समजते. जात्यावर आणि शेतात सहज सुचलेल्या त्यांच्या ओव्या सोपानदेवांनी उतरवून घेतल्या, आचार्य अत्र्यांनी त्यांचे मोल ओळखले, आणि बहिणाबाईंच्या निधनानंतर, १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या. ती वही झाली नसती तर? त्यातील काही ओव्या खानदेशात आजही कोणी गात असते, आणि आपण त्यांना 'पारंपरिक' म्हणून मोकळे झालो असतो. अशा किती बहिणाबाई त्या उचंत खात्यात कायमच्या राहून गेल्या असतील, याची मोजदाद करणे अशक्य आहे.

कायदा काय म्हणतो?

नाव आणि मोबदला या दोन वेगळ्या बाबी आहेत, आणि आपला कायदाही त्या वेगळ्या मानतो. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर, पुढील वर्षाच्या प्रारंभापासून ६० वर्षे टिकतो. शिवकुमारांचे निधन १९७३ मधील. त्यामुळे त्यांच्या कवितांवरील हक्क २०३३ अखेरपर्यंत आहेत. बुल्ले शाह आणि वारिस शाह यांच्या रचना मात्र सर्वांच्या झालेल्या आहेत; त्यांना कोणीही चाल लावावी.

याच कायद्याच्या ५७ व्या कलमात लेखकाला एक निराळा हक्क दिलेला आहे. तो म्हणजे, ही कृती माझी आहे असे सांगण्याचा. आर्थिक हक्क विकून टाकले तरी हा हक्क विकला जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीने त्यापुढचे पाऊल टाकले. गीतकार आणि संगीतकार यांना त्यांच्या गाण्याच्या पुढील वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीचा वाटा मिळाला पाहिजे, आणि तो हक्क वारस किंवा हक्कसंस्था यांच्यावाचून अन्य कोणाला लिहून देता येणार नाही, अशी तरतूद झाली. पूर्वी गीतकार एकरकमी मानधन घेऊन मोकळा होत असे आणि त्याचे गाणे पन्नास संग्रहांत छापले गेले, तरी त्याला त्याची वार्तादेखील नसे. या दुरुस्तीसाठी राज्यसभेत आणि बाहेर जावेद अख्तर यांनी केलेले प्रयत्न सर्वश्रुत आहेत.

कायद्याने हक्क दिला तरी तो बजावण्यासाठी नोंद लागते. खातेदाराचे नावच नसेल तर व्याज जमा कोणाच्या खाती करायचे? म्हणून रॉयल्टीचा प्रश्नही अखेरीस नावापाशीच येऊन थांबतो.

एक छोटी सवय

२०१६ मध्ये 'उडता पंजाब' या चित्रपटात अमित त्रिवेदी यांनी 'इश्तिहार' ही कविता नव्या चालीत आणली, शाहिद माल्या यांनी ती गायिली, आणि गीतकार म्हणून शिवकुमार बटालवी यांचे नाव लागले. तेवढ्या एका नोंदीमुळे किती तरुण श्रोते त्यांच्या मूळ कवितांपर्यंत पोहोचले असतील! नाव छापल्याने गाण्याचे काही कमी होत नाही; उलट श्रोत्याला पुढचे दार सापडते.

तबकड्यांचा जमाना आता सरला. गाणी फोनवर येतात, आणि प्रत्येक जण स्वतःचा 'ग्रेटेस्ट हिट्स' स्वतःच तयार करतो. आपल्या मुलांच्या फोनमध्ये अशा याद्या डझनाने असतात. पण पडद्यावर ठळक दिसते ते गाण्याचे आणि गायकाचे नाव. कवी कोण हे जाणून घ्यायचे तर आणखी दोन ठिकाणी बोट लावावे लागते. आकाशवाणीवर निवेदक प्रत्येक गाण्याआधी गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तीन नावे उच्चारीत असे. त्या शिस्तीतच आपली पिढी वाढली. गदिमा, शांता शेळके, सुरेश भट ही नावे आपल्याला पुस्तकांआधी रेडिओने शिकविली. ते काम आता श्रोत्यालाच करावे लागणार आहे. घरात एखादे गाणे लागले, की 'हे लिहिले कोणी?' असे एकदा विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत शोधावे. एवढी छोटी सवय लागली तरी पुष्कळ आहे.

चंदीगड सोडण्यापूर्वी मी ती तबकडी घेऊन आमच्या ज्येष्ठ रोखपालांकडे गेलो. दोन दुपारच्या सुट्ट्यांत आम्ही वेष्टनावरील गाणी एकेक करून तपासली. जेथे त्यांना नाव आठवले, तेथे मी पेनाने गाण्यापुढे ते देवनागरीत लिहून घेतले. त्यांच्या लेखी ती एक थकलेली नोंदच होती. तेवढ्याच गांभीर्याने ते बसले होते. तेवीस गाण्यांपुढे नावे लागली. बाकीच्यांपुढे त्यांनी मला पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढायला सांगितले. पेनाने नको, म्हणाले. उद्या कोणाला धनी सापडला, तर खोडता आले पाहिजे.

ती तबकडी आता वाजत नाही. वेष्टन मात्र मी जपून ठेवले आहे. त्यावरील पेन्सिलीची दोन प्रश्नचिन्हे गेल्या काही वर्षांत मी खोडू शकलो आहे.